राहून गेलेला ब्राउझर

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात सात संगणक होते आणि सातांचाही मुख्य पासवर्ड एकट्या माझ्याजवळ होता. मी काही संगणकातला मोठा जाणकार नव्हे. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो होतो. पण प्रिंटर अडकला, अक्षरांच्या जागी चौकोन दिसायला लागले, की सगळे मलाच हाक मारत. म्हणून प्राचार्यांनी एकदा तोंडीच सांगून टाकलं, "आजपासून संगणकाचं सगळं तुम्ही बघायचं." तेव्हापासून कुणाला काहीही नवीन बसवायचं असलं की पासवर्ड टाकायला मी उठून त्याच्या टेबलाजवळ जायचो. मी टाकेपर्यंत माणूस शेजारी उभा राहायचा. मला ते आवडायचं.

आमच्या शिक्षण संस्थेची कोल्हापुरात आणि जिल्ह्यात मिळून बरीच कॉलेजं आहेत. एका जूनमध्ये संस्थेनं अंतर्गत गुण भरायची वेबसाइट नवी केली आणि पत्र पाठवलं, की ही साइट जुन्या ब्राउझरवर चालणार नाही, सगळ्या संगणकांवर नवा बसवून घ्यावा. आमच्याकडं तोवर सगळे तो निळा 'ई'च वापरत. ब्राउझर म्हणून काही वेगळी वस्तू असते हेच बहुतेकांना ठाऊक नव्हतं. निळा ई म्हणजेच इंटरनेट. हेडक्लार्क म्हणाले, "आरं, चांगलं चाललेलं इंटरनेट कशाला बदलाय लागलाईस? नव्यात माझं पेन्शनीचं पान न्हाय गावलं तर?"

काम मी मन लावून केलं, हे खरं. दोन ब्राउझर माझ्या संगणकावर आठवडाभर वापरून बघितले. एकात साइट झटकन उघडायची, पण मराठी नावांतली जोडाक्षरं फुटायची. दुसरा सुरू व्हायला वेळ घ्यायचा, पण गुणपत्रक जसंच्या तसं छापायचा. तो निवडला. मग एकेकाच्या खुर्चीत बसून तो बसवला, जुनी साठवलेली पानं नव्यात आणली, हेडक्लार्कांना अक्षरं मोठी करून दिली, कॅशिअरला त्याचं रोजचं राशिभविष्य पहिल्याच पानावर लावून दिलं. दोन दिवसांत सहा संगणक झाले.

सातवा परीक्षा विभागाचा. तिथं एक वरिष्ठ लिपिक बाई बसत. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, एम. कॉम. झालेल्या, अक्षर छापल्यासारखं. टेबलाच्या काचेखाली बुद्धाचं लहानसं चित्र. घरी त्या आणि त्यांची आई, दोघीच. आईचं एक अंग लुळं पडलं होतं. म्हणून दुपारच्या सुट्टीत त्या गाडीवरून घरी जायच्या, आईला भरवायच्या आणि सुट्टी संपायच्या आत परत यायच्या. मी सातव्या संगणकाजवळ गेलो तेव्हा त्या घरी गेलेल्या होत्या. म्हटलं, उद्या करू. त्या दिवशी ते खरोखरच राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हाक मारली. "सर, जरा बघता का? वर ही पिवळी पट्टी येतीय. ब्राउझर जुना आहे, असं म्हणतंय. माझा राहिला काय?"

मी वाकून बघितलं. पट्टीवर इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं आणि त्यांनी ते बरोबर वाचलं होतं.

"ते सगळ्यांनाच येतंय मॅडम," मी म्हणालो. "लक्ष नका देऊ."

का म्हणालो? आदल्या वर्षी संस्थेला पाठवायच्या एका अहवालात मी दोन वर्गांची विद्यार्थीसंख्या उलटसुलट टाकली होती. बाईंनी ती चूक प्राचार्यांसमोर दाखवली. आवाज चढवला नाही, नुसती पेन्सिलीनं खूण केली. अहवाल तसाच गेला असता तर मीच अडकलो असतो. पण माझ्या डोक्यात बसली ती पेन्सिल. आणि खरं सांगायचं तर ती दुसऱ्या कुणाच्या हातात असती तर इतकी बोचली नसती. आम्ही हुपरीजवळच्या खेड्यातली शेतकरी माणसं. घरात मी ऑफिसातल्या सगळ्यांची नावं घ्यायचो, त्यांना मात्र नुसतं "ती" म्हणायचो, आणि आईला कुणाबद्दल बोलतोय ते बरोबर कळायचं. आमच्या घरात यावर कधी चर्चा झाली नाही. व्हायची गरजच नव्हती.

गुण भरायला सुरुवात झाली. बाईंच्या संगणकावर साइट उघडायची, नावं दिसायची, आकडे टाकता यायचे. साठ पोरांचे गुण भरून झाले आणि सेव्ह दाबलं की मधे एक चक्र फिरायला लागायचं, आणि पान पांढरं व्हायचं. परत उघडलं की सगळे रकाने मोकळे. त्या पुन्हा पहिल्यापासून भरायच्या. पाठीमागच्या टेबलावरून मला त्यांचा पडदा तिरका दिसायचा. चक्र फिरायला लागलं की त्या माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवायच्या. पान पांढरं झालं की थोडा वेळ तशाच बसायच्या. मी माझं काम सोडून ते बघत बसायचो. दिवसातून तीनदा, चारदा. त्यात मला काय मिळत होतं हे मला तेव्हाही माहीत होतं.

दुसऱ्याच्या संगणकावर बसायची सोय नव्हती. ज्यानं त्यानं आपल्याच खुर्चीत काम करायचं, असा हेडक्लार्कांचा दंडक होता. साइट कॉलेजच्या बाहेर उघडत नसे. त्यांनी मला तीनदा विचारलं. एकदा मी म्हणालो, बघतो. एकदा म्हणालो, तुमचा संगणकच जुना आहे, त्याला नवा ब्राउझर पेलायचा नाही. ते खोटं होतं, त्याच खेपेचे दुसरे दोन संगणक नव्या ब्राउझरवर झकास चालले होते. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या टेबलावर चिठ्ठीच ठेवली, "कृपया माझ्या संगणकावर नवीन ब्राउझर बसवून द्यावा." खाली सही. मी ती शर्टाच्या खिशात घातली. रविवारी बायकोनं शर्ट धुतला आणि म्हणाली, "खिशात कसला लगदा झालाय बघा." मी म्हटलं, टाकून दे.

मुदतीला दहा दिवस राहिले असताना संस्थेतून फोन आला, की तुमच्या कॉलेजचे गुण अजून शून्य दिसतायत. प्राचार्यांनी आम्हा सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"पंधरा दिवस झाले," ते बाईंना म्हणाले. "एका वर्गाचेसुद्धा गुण चढले नाहीत. करता काय तुम्ही दिवसभर?"

"सर, भरतीय मी रोज. सेव्ह होत नाही. ब्राउझर जुना आहे. मी सांगितलं होतं, चिठ्ठीसुद्धा दिली होती."

प्राचार्यांनी माझ्याकडं बघितलं. "काय हो?"

"कुठली चिठ्ठी?" मी म्हणालो. "मला न्हाय मिळाली सर. सगळ्या संगणकांचं काम जूनमध्येच झालंय."

कुणी उठून सातव्या संगणकाजवळ गेलं असतं तर दोन मिनिटांत खोटं उघडं पडलं असतं. कुणीच उठलं नाही. हेडक्लार्क माझ्या कानाशी म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ह्यास्नी सर्टिफिकिटं हाईत की ढीगभर. काम न्हाय." कॅशिअर हसला. मीही हसलो. बाईंनी हेडक्लार्कांकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिलो. त्यात गणपतीच्या सुट्ट्या लाल रंगात होत्या.

त्याच आठवड्यात त्यांची बदली झाली, संस्थेच्या कागलच्या कॉलेजात, आवक-जावक टेबलावर. अंतर फार नाही, तासाभरात माणूस पोचतं. पण दुपारच्या सुट्टीत घरी येऊन आईला भरवून परत जाणं आता होण्यासारखं नव्हतं. हे ऑफिसात प्रत्येकाला माहीत होतं. परीक्षा विभागाची खुर्ची मला मिळाली.

खुर्चीत बसल्यावर पहिलं काम केलं ते ब्राउझर बदलायचं. घड्याळ बघितलं होतं, अकरा मिनिटं लागली. साठ पोरांचे गुण भरून सेव्ह दाबलं, हिरवी खूण आली. चार दिवसांत सगळं काम उरकलं आणि प्राचार्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

मधेच एक फाइल शोधताना मी त्या संगणकावरचा डाउनलोडचा कप्पा उघडला. त्यात नव्या ब्राउझरची फाइल होती. एकदा नाही, नऊ वेळा. नावापुढं कंसात एक, दोन, तीन, असे आकडे. बाईंनी नऊ वेळा ती स्वतः उतरवून घेतली होती, नऊ वेळा उघडली होती, आणि दर खेपेला संगणकानं पासवर्ड मागितला होता. पहिली फाइल त्या पिवळ्या पट्टीच्या दिवसाचीच होती. म्हणजे मी "लक्ष नका देऊ" म्हणालो तेव्हाच त्यांना कळून चुकलं होतं. तरीही त्या मला तीनदा विचारत राहिल्या.

मी नऊच्या नऊ फाइली निवडल्या आणि पुसून टाकल्या.

पावसाळा सरता सरता बातमी आली. बाईंची आई दुपारी एकटी असताना मोरीत पडली. खुब्याचं हाड मोडलं, आणि दिवाळीच्या आधी ती गेली. ती गेल्याचं आम्ही डबे उघडून बसलो होतो तेव्हा शिपायानं सांगितलं. हेडक्लार्क म्हणाले, "वय झालंतं की म्हातारीचं." सगळ्यांनी मान हलवली आणि जेवण पुढं सुरू झालं. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी त्यांच्या आईला मारलं असं म्हणत नाही. म्हातारी घरी सगळे असतानाही पडली असती. पण हे वाक्य मी इतक्या वेळा मनाशी घोकलंय, की ते कुणासाठी आहे ते मला कळतं.

पुढं काही वर्षांनी तो निळा ई कायमचाच बंद होणार, असं संस्थेचं पत्र आलं. शाखांमध्ये जाऊन सगळीकडचे ब्राउझर तपासून यायचं काम माझ्याकडं आलं. कागलला गेलो. ऑफिसात हेडक्लार्कच्या खुर्चीत त्याच बाई होत्या. केस पांढरे झाले होते.

"या पावणं," त्या म्हणाल्या. कोल्हापुरात परक्या माणसाला म्हणतात तसं. मला ओळखलं नाही असं नव्हतं.

मी पत्र पुढं केलं. त्यांनी वाचलं आणि परत दिलं. "इथले सगळे कधीच झालेत. नवीन आलं की ज्याचं तो करतोय."

"पासवर्ड कोणाकडं असतो?"

"सगळ्यांकडं."

शिपायानं चहा आणून ठेवला. दुसरे लिपिक जेवायला गेले होते, आम्ही दोघंच होतो. मी वाटेत एसटीत ठरवून आलो होतो. म्हणालो, "मॅडम, तेव्हा माझ्याकडनं जे झालं..."

त्यांनी हात वर करून थांबवलं. "ते बोलू नका."

"नाही, मला सांगायचंच आहे. चिठ्ठी मला मिळाली होती."

"मला माहीत आहे. मीच तुमच्या टेबलावर ठेवली, तुम्ही खिशात घातली, मी बघत होते." त्यांचा आवाज जराही चढला नाही. "आता तुम्ही माफी मागणार, मी बरं म्हणणार, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर तुम्हाला हलकं वाटणार. ते मी होऊ देणार नाही. चहा घ्या, आणि भेटीच्या वहीत सही करून जावा."

मी चहा घेतला. सही केली. भेटीचं कारण असा एक रकाना होता, त्यात मी 'ब्राउझर तपासणी' लिहिलं. बाहेर पडताना मागं वळून बघितलं, तर त्यांनी पुढची फाइल उघडली होती.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाचं पत्र आमच्याकडं आलं. ऑफिसातनं कोण जाणार, असं प्राचार्यांनी विचारलं तेव्हा मी ऑफिसात नव्यानं लागलेल्या मुलीचं नाव सुचवलं. ती जाऊन आली आणि मला म्हणाली, "काय बोलल्या सर त्या! अख्खं कागल आलं होतं. तुम्ही ओळखत होता काय त्यांना?"

"थोडंफार," मी म्हणालो.