निळ्या मोटारीवरचा ओघळ

आमची मोटार माघ महिन्यात मलकापूरच्या स्टेशनावर उतरली. हे स्वतः आणायला गेले होते. चिखलीला यांची वकिली नुकती कुठे मार्गी लागत होती, लग्नाला चार वर्षं झाली होती आणि घरात आम्ही लहानमोठी अकरा माणसं होतो. मोटार मात्र दोनच माणसांची. लांब नाकाची, बुटकी, शर्यतीच्या मोटारीसारखी, वर कापडी टप. इंग्लंडातून बोटीनं मुंबईला आणि तिथून मालगाडीनं आलेली.

ती दारात उभी राहिली तेव्हा सासूबाई ओसरीवरून उठून आल्या, दोन्ही बाजूंनी आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "दोघंच बसाचे? मंग बाकीच्यायनं काय मांगून पयत याचं?"

मोठे दीर हसले. जाऊबाई हसल्या नाहीत.

नागपूरला कायदा शिकत असताना यांनी तसली मोटार कुणा अधिकाऱ्याकडे पाहिली होती, तेव्हापासून ती यांच्या डोक्यात बसली होती. पण मला यांनी कारण वेगळं सांगितलं होतं. "या घरात आपल्याला दोघांनाच बसून बोलायला जागा नाही," हे म्हणाले होते. "मोटारीत तिसरं माणूस बसूच शकत नाही." पहिली फेरी माझ्या माहेरी, जळगाव जामोदला, चैत्रात. हे ठरलेलं होतं. मी आईला तसं पत्रही टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी मोटार अंगणात घेतली आणि घाटातली धूळ धुवायला सुरुवात केली. मी मऊ फडक्यानं मागून पुसत होते. गर्द निळा रंग. त्यात माझं तोंड दिसत होतं, मागचं कडुनिंबाचं झाड दिसत होतं. मी फार खुशीत होते. डाव्या दारावरून, म्हणजे माझ्या बाजूच्या दारावरून, हात फिरवताना बोटांना काहीतरी लागलं. मी सहज म्हणाले, "अहो, इथं रंग ओघळलाय. मेणबत्तीवर मेण ओघळतं ना, तसा."

हे आले, वाकून पाहिलं. बोटाएवढा लांब ओघळ होता, खाली टोकाला थेंब सुकलेला. मग यांनी अख्ख्या मोटारीवरून हात फिरवला. बॉनेटवर रव्यासारखे बारीक कण, रंगाच्या आत अडकलेले. मागच्या बाजूला हाताच्या तळव्याएवढा भाग, तिथं निळ्याखालचं राखी अस्तर डोकावत होतं. हे कितीतरी वेळ ओल्या अंगणात उकिडवे बसून राहिले. त्या दिवशी फिरायला जायचं होतं, ते राहिलं.

मी बोलले नसते तर? हा विचार मी पुढे बरेच महिने केला. यांना ते आज ना उद्या दिसलंच असतं, हे कळत होतं. तरी पहिल्यांदा बोट माझं लागलं होतं.

मुंबईच्या विक्रेत्यांना पत्र गेलं. उत्तर आलं, ती रस्त्याची धूळ असेल, कोमट पाण्यानं धुवावी. हे चिडले. दुसरं पत्र गेलं. उत्तर आलं, आपल्या भागातल्या उन्हाचा परिणाम असू शकतो. माघातलं ऊन! तिसऱ्या पत्राला उत्तर आलं ते असं, की आमचा जाणकार माणूस दौऱ्यावर निघाला की तुमच्याकडे येईल. तोवर मोटार रस्त्यावर काढू नये, कुणालाही हात लावू देऊ नये. नाहीतर तक्रार ऐकली जाणार नाही.

मग गोठ्याशेजारची कडब्याची खोली रिकामी केली. कडबा अंगणात आला, म्हणून मोठे दीर दोन दिवस घुश्शात होते. मोटार आत गेली आणि तिच्यावर दोन जुन्या सतरंज्या पडल्या.

रोज कोर्टातून आल्यावर हे कोट काढायचे, चहा अर्धा प्यायचे आणि मला हाक मारायचे. माझं काम आरसा धरण्याचं. मी खोलीच्या दारात उभी राहायची आणि उतरतीचं ऊन आरशातून मोटारीवर पाडायची. हे गुडघ्यावर बसून बघायचे. "जरा वर. डावीकडे. हं, तिथंच धर. हलू नकोस." यांनी फुलस्केप कागदावर मोटारीची चार बाजूंनी चित्रं काढली होती आणि प्रत्येक कणाला लाल शाईचा ठिपका दिला होता. रोज एखाददुसरा ठिपका वाढायचा. आरसा काही फार जड नव्हता, पण रोज धरून खांदे भरून यायचे. त्यानंतर अकरा माणसांच्या भाकरी असायच्याच.

कुणी पाहुणा आला की हे त्याला मोटार दाखवायला न्यायचे, आणि दाखवायचे ते फक्त डाग. एकदा यांचे एक अशील आले होते, दुसरबीडकडचे शेतकरी. त्यांनी सतरंजी बाजूला झाल्यावर आधी चाकं पाहिली, मग आतली गादी दाबून पाहिली, मान डोलावली. यांनी बॉनेटकडे बोट दाखवलं. ते बिचारे डोळे बारीक करून बघत राहिले. "कुठं काय हाय साहेब? मले तं काईच दिसून नाई राह्यलं." हे रागावले नाहीत. सतरंजी परत नीट ओढून घेतली.

रविवारी इंजिन चालू करून ठेवायचे. तेवढ्यापुरती मी माझ्या जागेवर बसायची. मोटार थरथरायची, खोलीत धूर व्हायचा, समोर भिंत. दोघांनाच बोलायला मिळावं म्हणून घेतलेल्या मोटारीत आम्ही असे शेजारी शेजारी बसायचो, आणि हे इंजिनाचा आवाज ऐकत असायचे.

चैत्र असाच गेला. आईचं पत्र आलं, वाट पाहते आहे. मी लिहिलं, मुंबईचा माणूस येऊन गेला की निघतोच.

वैशाखात वडिलांचं पत्र आलं, आईला ताप आहे, उतरत नाही. मी ते पत्र यांच्या हातात दिलं. यांनी वाचलं, दोनदा वाचलं.

"मुंबईचा माणूस याच आठवड्यात येतो म्हणून लिहिलंय," हे म्हणाले. "मोटार बाहेर काढली तर इतक्या महिन्यांचं सगळं फुकट जाईल. तू दादाबरोबर सर्व्हिस मोटारीनं पुढे हो. मी मागून येतो."

मी मोठ्या दिरांबरोबर गेले. नांदुऱ्यापर्यंत उतारूंनी भरलेली सर्व्हिस मोटार, तिथून बैलगाडी, पूर्णेच्या पात्रात उतरून पलीकडे. वाटेत एकदा दीर पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणाले, "पे बाई. तुह्याबी हाल हायेत."

आईजवळ मी वीस-बावीस दिवस होते. तिचा ताप उतरला, पण ती इतकी हलकी झाली होती की न्हाऊ घालताना मी एका हातानं तिला धरू शकत होते. ती यांच्याबद्दल एकदाही बोलली नाही. हे आलेही नाहीत.

चिखलीला परत आले तर हे भर दुपारी बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. काय झालं ते जाऊबाईंनी सांगितलं. मुंबईचा माणूस आला होता. पाहून म्हणाला, एवढं तर नव्या मोटारीवर चालतंच. तरी यांच्या समाधानासाठी त्यानं कसलासा लेप लावून बॉनेट घासायला घेतलं. कण जाऊ लागले. यांनी म्हटलं, अजून थोडं. त्यानं अजून घासलं, आणि कडेला निळा रंग पार उडून खालचं अस्तर बाहेर आलं, चतकोर भाकरीएवढं. मग तो म्हणाला, मोटार मुंबईला पाठवा, पुन्हा सगळी रंगवू. चार-पाच महिने लागतील.

मी पाण्याचा तांब्या घेऊन आत गेले. हे वळले नाहीत. म्हणाले, "तू असतीस तर आरसा धरला असतास. वेळेवर दिसलं असतं. मी त्याला थांबवलं असतं."

चार वर्षांत मी यांना कधी उलट बोलले नव्हते. मी तांब्या खाली ठेवला.

"मी आईच्या उशाशी बसले होते," मी म्हणाले. "तिला ताप होता. तुम्ही मागून येणार होतात. ती कशी आहे, एवढं तरी विचारा."

हे उठून बसले. म्हणाले, "कशा आहेत?"

"आहे," मी म्हणाले, आणि भाकरी करायला निघून गेले. त्याहून जास्त बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

पुढची हालचाल सासूबाईंनी केली. यांना न विचारता त्यांनी गावातल्या एका रंगाऱ्याला बोलावणं धाडलं. टांगे आणि दमण्या, म्हणजे बसायच्या हलक्या बैलगाड्या, रंगवणारे वयस्क मुसलमान गृहस्थ, सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. हात वारनिशानं कायमचे तांबूस झालेले. ते आले, चपला बाहेर काढून कडब्याच्या खोलीत शिरले आणि मोटारीभोवती एक फेरी मारली.

"वकीलसाहेब, चालते का हे?"

"चालते," हे म्हणाले.

"बरी चालते?"

"चांगली चालते."

"बरं," चाचा म्हणाले आणि पुन्हा वाकले. ओघळावर त्यांनी अंगठा ठेवला. मी दारात उभी होते, आरशाशिवाय. "हे पाहा साहेब. बाकीचं दार कसं साफ हाय. ज्यानं रंग मारला त्याचा हात चांगला हाय. हे शेवटचं दार असन. सांज झाली असन, मानूस थकला असन. हात जड झाला का रंग जादा सुटते. माहाबी सुटते."

मी यांच्याकडे पाहत होते. इतके महिने आम्ही विक्रेत्यांबद्दल, पत्रांबद्दल, हक्काबद्दल बोलत होतो. ते दार कुणी माणसानं रंगवलं असेल, त्याचे खांदे दुखत असतील, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझे खांदे तर रोज दुखत होते.

"तुम्हाला जमेल का?" यांनी विचारलं.

"बॉनेट अन् हे दार करून देतो. मांगचा डागबी झाकतो. पण हा रंग त्यायनं फवाऱ्यानं उडवेल हाय अन् माह्यापाशी कुंचला हाय. धा हातावरून समजनार नाई. जवळून समजीन. मंजूर असन तं सांगा, नाई तं मी चाललो."

हे माझ्याकडे वळले. "काय करायचं?"

"मला विचारू नका," मी म्हणाले. "मला आता ते डाग दिसेनासे झालेत. मी थकले हो."

यांनी एकदा ओघळावरून हात फिरवला. मग चाचांना म्हणाले, "करा."

चाचांनी आठ दिवस घेतले. खोलीची जमीन ते आधी ओली करायचे, दाराला ओलं पोतं लावायचे आणि सदरा काढून आत काम करायचे, म्हणजे कापडाचा धागासुद्धा उडायला नको. दगडाच्या बारीक पुडीनं पाणी लावून घासायचे, वाळवायचे, एक हात द्यायचे, पुन्हा घासायचे. अंगण झाडायला आठ दिवस बंदी होती. सासूबाईंनी ती पाळली, हे मला खरं वाटत नव्हतं. दुपारी चहा घेताना चाचा सांगायचे, आज हात थरथरला म्हणून वारनिश उद्यावर ठेवलं. ही गोष्ट ते इतकी सरळ सांगायचे, की हे नुसती मान डोलवायचे. पाचव्या-सहाव्या दिवशी हे स्वतःच सदरा काढून घासायला बसलेले मी पाहिले.

मोटार उन्हात काढली तेव्हा दार आणि बॉनेट बाकीच्या निळ्यापेक्षा किंचित काळसर दिसत होती. जवळ आल्यावर कुणाच्याही लक्षात यावं इतकं. कडेला कुंचल्याच्या दोन-तीन रेघाही होत्या. चाचांनी त्या स्वतःच दाखवल्या. यांनी त्या पाहिल्या, मग आत जाऊन ते लाल ठिपक्यांचे कागद आणले आणि चुलीपाशी माझ्याकडे दिले. म्हणाले, "पेटवायला घे."

दोन दिवसांनी आम्ही जळगावला निघालो. राजूरच्या घाटात खडे उडून मडगार्डवर लागले की हे थांबायचे, उतरून पाहायचे. तिसऱ्या वेळी उतरले नाहीत. पूर्णेच्या वाळूत चाकं रुतली. जवळच्या शेतातल्या दोघांनी बैलजोडी लावून आम्हाला ओढलं. दोराचा मोटारीवर चांगला ओरखडा पडला, तो यांनी पाहिला आणि त्या दोघांना रामराम केला. वाटेत एकदाच यांनी रस्त्यावरची नजर न काढता म्हटलं, "मी यायला हवं होतं." मी म्हणाले, "हो."

माहेरी पोचलो तेव्हा दुपार टळली होती. आई भिंतीला धरून दारापर्यंत आली. तिनं मोटारीकडे पाहिलं, मग यांच्याकडे. यांनी तिच्या पाया पडून तिला हात दिला, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि विचारलं, "बसता का? बाजारापर्यंत जाऊन येऊ, सावकाश."

मला वाटलं, ती नाही म्हणेल. तिनं पदर डोक्यावरून घट्ट घेतला आणि आत बसली. वडील ओरडत होते, हळू न्या, हळू. मोटार गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली. मागोमाग धूळ आमच्या ओट्यावर आली.

मी आत गेले. स्वयंपाकघरात सारवलेली जमीन गार होती. पाणी प्यायले आणि तिथंच, दंडाची उशी करून आडवी झाले. मोटार परत आल्याचा आवाज मला ऐकू आला नाही. मी दिवेलागणीला उठले तेव्हा अंगावर आईचं लुगडं होतं, आणि बाहेरच्या खोलीत आई यांना विचारत होती, चहात साखर किती घालू.