आईचा बुधवार

शाळेच्या ग्रुपवर पालकसभेचा निरोप आला. मुलं एकमेकांना छळतात, त्यावर बोलायचंय. वाचता वाचता आंबवडे-भोर एसटीतला ओल्या रेक्झिनचा वास आल्यासारखं झालं.

मी सातवीत होते. एसटीत गावातल्या सुमनला सगळे रोज छळायचे. तिला बसू द्यायचे नाहीत, तिचा डबा खिडकीतून ओतायचे. तिच्या वडिलांनी देवळात सगळ्यांसमोर हात जोडले. मग गावानं ठरवलं, रोज एका घरातल्या मोठ्या माणसानं पोरांबरोबर भोरपर्यंत जायचं. बुधवारी माझी आई भातलावणीचा खाडा करून आली.

तिनं सुमनला खिडकीशी बसवलं. "कोण छळतं गं तुला? भिऊ नगं, म्या हाय हितं."

सुमननं माझ्याकडं बघितलं. तिचा डबा मीच ओतायची.

"कोण न्हाई, काकू," ती म्हणाली.

आई नंतर कितीतरी दिवस बायकांना सांगायची, "माझ्या बुधवारी त्या पोरीला कुणी बोटसुद्धा लावलं न्हाई."

खरंच होतं ते. त्या बुधवारी मी आईला चिकटून बसले होते.

आई गेली, तिला हे कधीच कळलं नाही. निरोपाखाली मी "येते" लिहिलं आणि कुकर लावला.