बाळंतिणीच्या खोलीला घाम

आमचे अप्पा सापाला भीत नाहीत, तापीच्या पुराला भीत नाहीत, आईला थोडे भितात. पण थंडी म्हटली की त्यांचं धाबं दणाणतं. केळीवाल्या माणसाचं तसंच असतं म्हणा. पौषात गारठा वाढला की केळीची वाढ खुंटते, पानं पिवळी पडतात, आणि अप्पा मफलर गुंडाळून जैनाबादच्या शेतात बांधाबांधावर शेकोट्या पेटवत फिरतात.

पण त्यांची खरी भीती केळीसाठी नाही. मी पौषातली. तेव्हा आई-अप्पा शेतातल्याच पत्र्याच्या खोलीत राहायचे. गार वारा लागून माझी छाती भरली, आणि अप्पांनी मला सदऱ्याच्या आत पोटाशी धरून नदीपलीकडे बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात नेलं. हे मला आईनं सांगितलं. अप्पा त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

तर अशा माणसाच्या घरी, लालबागेतल्या स्लॅबच्या घरात, मी ऐन हिवाळ्यात पहिल्या बाळंतपणाला आले. मुलगी झाली. अप्पांनी माझी खोली अशी बंदोबस्तात ठेवली होती की मुंगीला आत यायचं तर परवानगी घ्यावी लागली असती. खिडक्यांना बाहेरून जाड प्लास्टिक, त्यावर लाकडी पट्ट्या ठोकलेल्या. दाराच्या फटीत गोधडी. भिंतींना हिरवा ऑइल पेंट, का, तर पुसता येतो. आत शेगडी, ओव्याची धुरी, बाळाच्या अंघोळीचं वाफाळतं पाणी, आणि दोरीवर ओळीनं वाळत घातलेली लंगोटं. बाहेर अंगणात लख्ख ऊन होतं, पण लंगोटांना बाहेरची नजर लागते म्हणे!

थोड्याच दिवसांत भिंत रडायला लागली. उत्तरेकडची, बाहेरच्या बाजूची. सकाळी बघावं तर हिरव्या रंगावर थेंब, आणि थेंबांचे ओघळ खाली फरशीपर्यंत.

"स्लॅब गळून राहिला," अप्पा म्हणाले.

"अप्पा, पाऊस कुठाय?"

"दिवाळीआधी पडला नव्हता का? तेच मुरलेलं पाणी."

झालं! गच्चीवर वॉटरप्रूफिंगचे दोन हात बसले. भिंत रडतच राहिली. मग म्हणाले, नळाचा पाइप फुटला असेल. न्हाणीघराच्या चांगल्या फरश्या फोडल्या, पाइप ठणठणीत. मग शेजाऱ्यांच्या टाकीवर संशय. नशीब, तिथवर आईनं त्यांना आवरलं, नाही तर लालबागेत आमच्याशी कुणी बोललं नसतं.

एक दिवस लोखंडी कपाट जरा सरकवलं तर मागे भिंतीवर काळ्या ठिपक्यांची ही एवढी दाट बुरशी. वास असा, की जणू ओली छत्री मिटून ठेवली आणि विसरली. आणि त्याच आठवड्यात माझी पोर खोकायला लागली. एवढासा जीव, खोकताना लालबुंद व्हायची.

डॉक्टरांनी तिला तपासलं आणि पहिलं खोलीतल्या ओलीचंच विचारलं, "कमरे में सीलन है क्या? खिडकी खोलो, धूप आने दो. और सिगडी पहले बाहर करो, बंद कमरे में जान का खतरा है."

शेगडी बाहेर गेली, तेवढं अप्पांनी ऐकलं. खिडकीचं नाव काढलं की मात्र कानात बोळे. "डॉक्टरला काय जातं सांगायला? थंडी त्याच्या पोराला लागून राहिली का?"

माझ्या सासूबाई तिकडे पेपर मिलच्या कॉलनीत. बाई नाशिकच्या, बोलायला एक घाव दोन तुकडे. त्यांना खोकला फोनवरच ऐकू गेला. म्हणाल्या, "रविवारी येते. खोली ओली असली तर दोघींना घेऊन जाईन. राग मानू नका."

अप्पांचा चेहरा पडला. नात संक्रांतीपर्यंत राहणार म्हणून त्यांनी काय काय ठरवून ठेवलं होतं. पाळणा स्वतः रंगवला होता. मला त्यांची दयाही येत होती आणि संतापही. मुलीचा बाप म्हणून सासूबाईंसमोर ते नेहमी हात जोडून ताटकळत उभे राहतात. आता त्यांच्यापुढे मान खाली घालणार, पण खिडकी उघडणार नाहीत!

दुसऱ्या दिवशी ते ओट्यावर बसून केळीच्या घडांना घालायच्या पिशव्या निवडत होते. थंडी बाधू नये म्हणून घडाला घालतात, त्या लांब पिशव्या. मी बाळाला घेऊन शेजारी उन्हात बसले. सहज एक पिशवी उचलून उन्हाकडे धरली. सगळीकडे बारीक बारीक भोकं.

"ही भोकं कशाला हो, अप्पा?" मी विचारलं. मला माहीत होतं. लहानपणापासून बघतेय.

"अगं, घड श्वास घेतो ना. बिनभोकाची घातली तर आत घाम सुटतो. मग थंडीनं नाही, घामानंच काळा पडतो माल."

बोलून गेले, आणि हातातली पिशवी हातातच राहिली.

मी काही सोडणारी नव्हे. "वा! केळीच्या घडाला भोकाची पिशवी, आणि माझ्या लेकीला बिनभोकाची?"

अप्पांनी एकदा पोरीकडे पाहिलं. मग उठले, पक्कड आणली आणि खिडकीच्या पट्ट्या उचकटायला लागले. ज्या वाऱ्यापासून त्यांनी मला सदऱ्यात लपवून नेलं, त्याच वाऱ्याला ते स्वतःच्या हातानं घरात घेत होते.

मग काय, घरच बदललं. लंगोटं अंगणात गेली, नजर लागायची तर लागो. अंघोळीच्या पाण्याच्या पातेल्यावर झाकण आलं. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. आईनं तोंडाला पदर बांधून बुरशी घासून काढली. आणि रोज दुपारी, ऊन चढलं की, खिडकी सताड उघडायची आणि भिंत कोरडी होऊ द्यायची. अडचण एकच. पोर त्याच वेळी अंघोळ करून पाळण्यात गाढ झोपायची, आणि झोपलेल्या बाळाला हलवायचं नाही, हा आईचा हुकूम.

अप्पांनी त्यावर तोड काढली. खिडकी आणि पाळणा यांच्या मधे स्टूल टाकलं आणि खिडकीकडे पाठ करून बसले. कानाला मफलर, अंगावर घोंगडी, आणि दोन्ही हातांनी घोंगडीची टोकं पसरून धरलेली. "वारा भिंतीला लागू दे," म्हणाले, "पोरीला नको." आई म्हणाली, पडदा लावा की! तर म्हणे पडदा उडतो.

भिंत हळूहळू सुकली. खोकलाही उतरत गेला. शनिवारी पोर पहिल्यांदा सबंध दुपार न खोकता झोपली. शिंका मात्र आता अप्पांना सुरू झाल्या होत्या.

रविवारी सासूबाई आल्या त्या नेमक्या दुपारी. आई लगबगीनं पुढे झाली. सासूबाई तडक खोलीत शिरल्या, भिंतीवरून तळहात फिरवला, कपाटामागे वाकून पाहिलं. मग पाळण्याजवळ येऊन बाळाचा श्वास ऐकत उभ्या राहिल्या.

अप्पा स्टुलावरच होते. माझं लग्न ठरल्यापासून ही बाई समोर आली आणि अप्पा बसून राहिले, असं एकदाही झालं नव्हतं. मी डोळ्यांनी खुणावलं, उठा! त्यांनी नुसती मान हलवली. हातही जोडता येईनात, हातात घोंगडीची टोकं होती.

"माफ करा, विहीणबाई," ते दबक्या आवाजात म्हणाले, "उठलो तर वारा सरळ तिला लागेल."

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग दुसरं स्टूल ओढलं आणि अप्पांच्या शेजारी, खिडकीकडे पाठ करून बसल्या.