उघाडीवरचं गाऱ्हाणं

आमच्या गावात गाऱ्हाण्याशिवाय काहीच सुरू होत नाही. विहीर खणायची असो की क्रिकेटचे सामने भरवायचे असोत, आधी एकाने उभं राहून देवाला लांबलचक मागणं घालायचं आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी बाकीच्यांनी गरजायचं, "व्हय महाराजा!" मागणं नेमकं काय आहे ते कोणी ऐकत नाही. सांगणाऱ्याने आवाज लांबवला आणि क्षणभर दम घेतला, की आपली पाळी आली असं समजायचं. मोहल्ल्यातली माणसं देवळात येत नसली, तरी शिमग्याची पालखी त्यांच्या दारावरून जाते. तो ताल त्यांच्याही कानात पक्का बसलेला आहे.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जी धमाल झाली ती या तालामुळेच.

खाडीचं पाणी भातात शिरू नये म्हणून आमच्याकडे जांभ्याचा आणि मातीचा जुना बंधारा आहे. त्याला लाकडी फळ्यांचं एक दार आहे, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला फळ्या उचलून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरती आली की फळ्या खाली. एका वादळात या उघाडीच्या शेजारीच बंधारा फुटला आणि रिक्षा आरपार जाईल एवढी खांड पडली. खांडीला लागून आमच्या घरचे कुणगे, म्हणजे भाताचे बांध घातलेले तुकडे. दादा मुंबईला नोकरीत, शेती सगळी वहिनीच्या अंगावर. तेव्हापासून ती लावायची आणि खाऱ्या पाण्याने भात पिवळं पडून आडवं व्हायचं. पुन्हा पेरायचं की जमीन कायमची सोडायची, एवढाच प्रश्न घरात उरला होता आणि तो ती कोणाशी बोलतही नव्हती. शेतातून आली की नुसते पाय धुवायची, बराच वेळ.

अशात बातमी आली की किनारा सांभाळायला एक संस्था पैसे देते आहे. अट एकच: गावाने एकत्र यायचं. आमची वाडी आणि मोहल्ला मिळून एक समिती, दोघांची मेहनत, पुढची देखभालही दोघांची. भागीदारी खरी आहे ना, हे बघायला पुण्याहून एक बाई येणार होत्या.

आता खरी गोष्ट अशी की खांड पडल्यापासून आमचं भात जात होतं आणि मोहल्ल्याची चंगळ होती. आत साचलेल्या पाण्यात कोळंबी वाढायची, तिथल्या बायका ओहोटीला टोपल्या भरून न्यायच्या. वाडीला खांड बुजवायची घाई, मोहल्ल्याला अजिबात नाही. दोन्हीकडची माणसं एकमेकांना सलाम-नमस्कार करायची आणि बंधाऱ्याचा विषय निघाला की हवापाण्यावर बोलायची.

मी शिमग्यातल्या नमन-खेळ्यांत गौळणींबरोबरच्या मावशीचं काम करतो. मिशी ठेवून मावशी करणारा आसपासच्या गावांत मी एकटाच, त्यामुळे नाटकाचं काही निघालं की लोक माझ्याकडेच येतात. या वेळी मी न बोलावताच गेलो. बाई येण्याच्या आदल्या संध्याकाळी मच्छीमारांच्या शेडमध्ये, सुक्या मासळीच्या वासात, मी सगळ्या गावाची तालीम घेतली. वाडीने आणि मोहल्ल्याने आळीपाळीने बसायचं, वेगळे घोळके नकोत. हसतमुख राहायचं. कोळंबीचं नावही काढायचं नाही. शाळेत माझ्या बाकावर बसणारा आणि आता स्वतःची होडी चालवणारा मोहल्ल्यातला नाखवा हे सगळं हाताची घडी घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आणि मी काय करू, गौळण होऊन लाजू?"

दुसऱ्या दिवशी बाई त्याच शेडमध्ये आल्या. शिडशिडीत, चष्मा, पायात चिखलाला चालतील अशा चपला. त्या चपला बघून मला जरा धाकधूक वाटली. रिवाजाप्रमाणे गाऱ्हाणं झालं. ते घालायचा मान आमच्या घराचा नाही, पण मानकऱ्यांचा घसा बसला होता आणि माईक माझ्या हातात होता. मी ते असं रंगवलं, की मागे उभे असलेले मोहल्ल्यातले म्हातारेही माना डोलवू लागले.

मग बाईंनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्यांचा आवाज नाजूक, मागे पोचेना. म्हणून त्यांचा एकेक प्रश्न मी माईकवरून पुन्हा सांगू लागलो. पण जिभेवरचा ताल अजून उतरला नव्हता. समितीत दोन्हीकडची माणसं आहेत काय? व्हय महाराजा. श्रमदानाला सगळे येणार काय? व्हय महाराजा. बाईंना मजा वाटू लागली, मला तर वाटतच होती. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला आणि मी छाती भरून, शेवटचा शब्द चांगला खाडीपार जाईल असा लांबवून, तो सोडला:

"या बंधाऱ्यावरून तुमच्यात काही भांडण आहे कायऽऽऽ?"

"व्हय महाराजा!"

पत्रे हादरले. सगळ्यांत मोठा आवाज नाखव्याचा होता.

मग शेडबाहेरचा कुत्रा अंग खाजवत होता तेही ऐकू आलं. मी माईक बंद करायचा विसरलो होतो, त्यामुळे माझं "मेलो!" सगळ्या गावाने ऐकलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कसलं भांडण?"

पैसे गेले, हे मला कळलं. त्याहून वाईट म्हणजे बायकांमध्ये बसलेल्या वहिनीकडे माझी नजर गेली. तिने डोळे मिटले होते. मग पदर खोचून ती उभी राहिली.

"भांडण हाय, बाई. खांड बुजली तर यांची कोळंबी जाते, नाय बुजली तर माझं भात. म्हणून आम्ही सगळे सकाळपासून हसतोय."

नाखवा म्हणाला, "खांड बुजवा ना वहिनी, मी कुठे नाय म्हणतो? पण ती बुजली की उघाडी तुमच्या ताब्यात. फळ्या वर्षभर खाली पाडून ठेवाल. मग आमच्या बायकांनी कोळंबी धरायची कुठे, तुमच्या माजघरात?"

"भात पिकूदे, माजघरात येऊन जेवा."

कोणीतरी फिस्सकन हसलं. बाई म्हणाल्या, चला, मला ती उघाडी दाखवा. सगळं गाव त्यांच्यामागून बंधाऱ्यावर गेलं. भरती लागली होती. खांडीतून पाणी आत येत होतं, घाई नसलेल्या पाहुण्यासारखं, आणि आमच्या कुणग्यांत पसरत होतं. त्या पाण्याकडे बघतच वहिनी बोलली. भात कापलं आणि कुळीथ काढला की शेतात तिचं काहीच नसतं. शिमगा झाला की फळ्या वर करा, हवी तेवढी कोळंबी न्या. पेरणीच्या आधी मात्र खाली. पावसाचं पाणी खार धुऊन नेईल.

नाखव्याने वाकून उघाडीची एक जुनी फळी एका हाताने उचलून बघितली. मग म्हणाला, "फळी एवढी जड करा की एकट्याला उचलता येणार नाय. एक माणूस वाडीचा, एक मोहल्ल्याचा."

वहिनी म्हणाली, "करा."

बस, एवढंच. इतका काळ ज्याच्यावरून आम्ही हवापाणी बोलत होतो, ते एका भरतीत मिटलं. निघताना बाई मला म्हणाल्या की भांडण नाही म्हणणारी गावं त्यांनी पुष्कळ पाहिली. तिथले बंधारे पुन्हा फुटतात. पैसे मंजूर झाल्याचा फोन आला तेव्हा मी हजामाकडे अर्ध्या दाढीवर होतो, आणि तसाच रस्त्यावर धावलो.

उन्हाळ्यात बंधारा उभा राहिला. जांभा आणि माती वाडीने वाहिली, तर खाडीच्या बाजूने लाटा अडवायला तिवराची रोपं मोहल्ल्यातल्या बायकांनी लावली. सुताराने फळ्या खरंच इतक्या जड केल्या, की पहिल्यांदा उचलताना नाखव्याने माझ्या सगळ्या पूर्वजांची आठवण काढली. वाडीचा माणूस म्हणून गावाने मलाच नेमलं आहे. लोक त्याला मान म्हणतात.

आषाढातल्या अवसेला मोठं उधाण आलं. खाडी बंधाऱ्याच्या माथ्याला टेकली. फळ्या घट्ट बसल्यात ना बघायला मी आणि नाखवा भिजत उभे होतो. वहिनी लावणी झालेल्या कुणग्यात उतरली, ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं आणि थुंकली. पुन्हा घेतलं, पुन्हा चाखलं. आम्ही दोघं फळीवर हात ठेवून तिच्या तोंडाकडे बघत होतो.

तिसरी ओंजळ ती प्यायलीच.

"अहो वहिनी, गढूळ आहे ते," मी ओरडलो.

"गोड हाय," ती म्हणाली, आणि नाखव्याला विचारलं, चहा घेऊन जाणार का.