मेणबत्त्या जाळून पाहणारी मामी

माझी मामी मेणबत्त्यांच्या कारखान्यात नोकरी करते. बनवत नाही, जाळते. तिच्या खात्याचं नाव चाचणी विभाग. तिथे एका बंद खोलीत दगडी टेबलावर मेणबत्त्या हात-हातभर अंतरावर मांडायच्या आणि जळताना बघत बसायचं. ज्योत किती उंच जाते, काच किती तापते, काजळी धरते का, हे सगळं टिपायचं. पंखा चालत नाही, कारण वाऱ्याने ज्योत एका अंगाला झुकते आणि सगळंच खोटं निघतं. उन्हाळ्यात त्या खोलीतून मामी उकडलेल्या बटाट्यासारखी बाहेर पडायची, आणि मामा हसून म्हणायचा, "आज सोलून ठेवू का?"

मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोघांना मूलबाळ नव्हतं, पण घर कधी गप्प नसायचं. मामी घरी चुकूनही मेणबत्ती लावायची नाही. मात्र दुसऱ्यांच्या घरी तिला गप्प राहवायचं नाही. कुणाच्या वाढदिवसाला गेली की केकपेक्षा मेणबत्तीकडे तिचं लक्ष. "वात केवढी लांब ठेवलीय! नखाएवढी कापा, नाहीतर धूर होणारच." एकदा माझ्या मैत्रिणीने सुगंधी मेणबत्ती लावून पाच मिनिटांत विझवली, तर मामी हळहळली. "पहिल्यांदा लावली की कडेपर्यंत मेण वितळू द्यायचं गं. आता मधे विहीर पडली. यापुढे ती विहीरच खणत बसेल, कडेचं मेण तसंच राहील." मैत्रीण मला म्हणाली, "तुझी मामी डॉक्टर आहे का मेणबत्त्यांची?"

मग मामा गेला. एका इमारतीतली लिफ्ट चालू करून तो जिन्याच्या पायरीवर टेकला. बरोबरच्या माणसाला वाटलं, दम खातोय. त्याने चहा आणला, हाक मारली, तेव्हा कळलं.

मामी रडली नाही. लोक आले, बसले, उठले. ती दार उघडायची, दार लावायची. चार दिवसांनी कामावर गेली. कुणी म्हणालं धीराची आहे, कुणी म्हणालं दगड आहे. दोन्ही चूक होतं. ती तिथे नव्हतीच. कपाळावर माशी बसली तरी हात वर जायचा नाही.

माझी आई मामाची धाकटी बहीण. पन्नाशी उलटली तरी मामी तिला अजून 'छोटी'च म्हणते. आई बॅग भरून मामीकडे राहायला गेली. मीही ऑफिस सुटल्यावर जायचे. आईला ते घर संध्याकाळी खायला उठायचं. मामाचा आवाज नाही, रेडिओ नाही. म्हणून तिने बाजारातून एक जाड काचेची, फुलांच्या वासाची मेणबत्ती आणली आणि रोज संध्याकाळी खिडकीच्या कठड्यावर लावायला लागली. शेजारी पडदा. वात वाढून काळी टोपी घातल्यासारखी झालेली. काडीचे तुकडे मेणात तसेच पडलेले. भिंतीवर काजळीचा पट्टा उमटला.

मामी समोरच्या खुर्चीत बसून ते सगळं बघायची आणि काही बोलायची नाही. आईला वाटलं, वहिनीला आवडतंय. मलाही तसंच वाटलं. एरवी जिने आमची सालटी काढली असती ती गप्प आहे, हे आम्हा दोघींच्या डोक्यातच आलं नाही.

त्या दिवशी मी दार उघडून आत शिरले तर आई मागच्या गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. दार उघडल्यावर वारा आरपार आला. पडद्याची कड फुगली, ज्योतीवर गेली आणि पेटली. मामी हातभर अंतरावर बसली होती. ती बघत होती. घाबरून नाही, डोळे फाडून नाही. खोलीत बसून जसं बघायची तसं, मान जरा कलती करून.

"मामी! पडदा!"

"हो," ती म्हणाली. "दिसतंय."

मी बाथरूममधली बादली उचलून आणली आणि पडद्यावर फेकली. पडदा विझला, पण पाणी मेणबत्तीवरही उडालं. तापलेलं मेण तडतडून उसळलं, काच टकदिशी तडकली. तेव्हा मामी उठली. "मेणावर पाणी नाही!" असं ओरडली, स्वयंपाकघरातून पातेल्याचं झाकण आणलं आणि ज्योतीवर ठेवून दाबून धरलं. तिच्या मनगटावर मेण उडालं होतं. मी तिला ओढत नळाखाली नेलं. कातडी लाल झाली होती, पण ती साधी कळवळलीसुद्धा नाही.

आई कपड्यांचा ढीग छातीशी धरून दारात उभी. "वहिनी, तू समोर बसली होतीस ना? मग?"

मामीने नळ बंद केला. खोटं बोलायचं तिला सुचलं नाही. "मला वाटलं, वर चढायला किती वेळ लागतो ते बघावं," ती म्हणाली. "बाकी काही वाटलंच नाही, छोटी. भीतीसुद्धा नाही. वाटायला हवं होतं, एवढं कळत होतं."

आई मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मामी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, एखादं टेबल पुसावं तसा.

आईने घरातल्या काड्यापेट्यासुद्धा लपवल्या. पण मामीने दुसऱ्या दिवशी जे केलं ते आम्हाला सुचलं नसतं. ती कारखान्यात गेली आणि चाचणी विभागाच्या मॅडमना म्हणाली, "मला त्या खोलीत बसवू नका. आग दिसते, पण हात उठत नाही." मॅडमना आधी कळेना. इतक्या वर्षांत जिने एक काचही फुटू दिली नाही, ती असं काय बोलते? मामीने पडद्याची सगळी हकीकत सांगितली आणि मनगट दाखवलं. मॅडमनी तिला पॅकिंगमध्ये पाठवलं आणि ओळखीच्या डॉक्टरकडेही.

डॉक्टरनी गोळ्या दिल्या आणि दर आठवड्याला येऊन बोलायला सांगितलं. मामी जायची. काय बोलतेस असं आई विचारायची. "तेच विचारतात, मी तेच सांगते," मामी म्हणायची. "झोप लागते आता. बाकी सगळं काचेच्या पलीकडे."

पॅकिंगमध्ये तिचं काम लेबलं चिकटवायचं. 'पडद्यापासून दूर ठेवा. एकटी सोडून जाऊ नका. तळाशी बोटभर मेण उरलं की लावू नका.' दिवसभर हीच वाक्यं हाताखालून जायची. महिना गेला, दुसरा निम्मा झाला. मग एका संध्याकाळी ती घरी आली ती चप्पल आदळतच. पॅकिंगमध्ये शेजारी बसणाऱ्या बाईने पेटीभर लेबलं उलटी चिकटवली होती आणि वर म्हणाली होती, वाचतंय कोण? "वाचतंय कोण म्हणे! कुणाचं घर जळालं म्हणजे वाचणार का? मी अख्खी पेटी सोलायला लावली तिला. तोंड एवढंसं झालं!"

आईने स्वयंपाकघरात येऊन माझा दंड धरला. "चिडली!" ती कुजबुजली. "अगं, वहिनी चिडली!" बक्षीस लागल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. पुढचे कितीतरी दिवस मामी पुन्हा तशीच, सपाट. पण अधूनमधून काहीतरी आत पोचायचं. एकदा मामाच्या हत्यारांची पेटी उघडून ती पक्कड हातात घेऊन बसली आणि म्हणाली, "जड आहे गं." तेवढंच.

आई आपल्या घरी परतली. मामी पुन्हा चाचणी विभागात गेली, पण स्वतःच्या अटीवर: खोलीत कायम दुसरं कुणीतरी हवं. मॅडमनी एक नवी मुलगी दिली. तिला मामी शिकवते. मेणबत्ती फुंकायची नाही, तारेच्या आकड्याने वात मेणात बुडवून विझवायची आणि सरळ करायची. मेण पातळ असताना काच हलवायची नाही. मुलगी फार प्रश्न विचारते अशी मामीची तक्रार असते.

आई तिला रोज फोन करते. परवा मी शेजारीच होते, म्हणून ऐकू आलं.

"कशी आहेस वहिनी?"

"बरी नाही," मामी म्हणाली. "आज फार वाईट वाटतंय."

आईने डोळे पुसले. "बोल," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.