रविवारी दीड वाजता

ती घटना आजही मनातून जात नाही, आणि तिच्यातली चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. नोकरीत बरेच गुन्हे मी उघडकीस आणले. या प्रकरणात मात्र समोर बसलेला माणूस निर्दोष आहे हे कळल्यावरही मी त्याला सोडला नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सांगलीत उपनिरीक्षक होतो. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्याच्या मालकाचा तक्रार अर्ज आला. त्यांनी नुकताच संगणक घेतला होता आणि पुण्याच्या एका गृहस्थांकडून जावा भाषेत प्रोग्रॅम करून घेतला होता. कोणता सुटा भाग कोणत्या मापाने कापायचा, याच्या कच्च्या नोंदी दिवसभर भरायच्या आणि संध्याकाळी सुपरवायझरने तपासून पक्क्या करायच्या, अशी पद्धत. सलग चार रविवारी सकाळपासूनच्या कच्च्या नोंदी दुपारी गायब झाल्या होत्या. माल चुकीच्या मापाने कापला गेला होता. रविवार त्यांचा कामाचा दिवस. त्या भागात साप्ताहिक सुट्टी विजेच्या सोयीने ठरे, यांची शुक्रवारी असे.

संशय कुणावर घ्यावा, ही खबर सुपरवायझरनेच दिली. नोंदी भरणारे मेढ्याकडचे एक माजी सैनिक होते, पन्नाशीला टेकलेले. कारखान्यात त्यांना फौजी म्हणत. दुपारी बाकीचे बाहेर जात, हे एकटेच यंत्राजवळ बसून डबा खात. बढती नाकारल्यापासून धुसफुसत असत, असंही तो म्हणाला. मला एवढं पुरेसं वाटलं.

शनिवारी मी फौजींना ठाण्यात बोलावलं. अटक दाखवली नाही, स्टेशन डायरीत नोंदही केली नाही. सकाळी हजेरीच्या वेळी यायचं, दिवसभर ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकावर बसायचं, दिवेलागणीला घरी जायचं. कागदावर काही नाही आणि माणूस मात्र अडकलेला, हा प्रकार तेव्हा सर्रास चाले. वयाने मोठे असूनही मी त्यांना अरे-तुरे करत होतो.

आमचा एक हवालदार येता-जाता टोमणा मारी, "काय फौजी, सरहद्दीवर दुश्मन दिसत व्हता, आन् हितं खोलीत कोन शिरतंय ते दिसंना व्हय?"

ते शांतपणे म्हणाले, "खोलीत कुनीच शिरत न्हाई. मी जागा सोडत न्हाई, म्हून तर डबा तितंच खातो."

खोटं बोलणाऱ्याच्या हकिगतीत दर वेळी भर पडते, हे मला अनुभवाने माहीत होतं. यांचं उत्तर दर वेळी लहान होत गेलं. शेवटी ते फक्त "न्हाई" म्हणत. तो फरक मला कळायला हवा होता.

रविवारी दुपारी पावणेदोनला मालकांचा फोन आला. नोंदी पुन्हा गेल्या होत्या, बरोबर दीड वाजता. मी फोन ठेवला तेव्हा फौजी माझ्या समोरच्या बाकावर भाकरी मोडत होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "याचा साथीदार आहे आत." आणि सोमवार, मंगळवार, बुधवार त्यांना पुन्हा बोलावलं.

बुधवारी मालकांनी स्वतःहून पुण्याच्या गृहस्थांना बोलावून घेतलं. मीही कारखान्यात गेलो. ते गृहस्थ म्हणाले, जावामध्ये प्रोग्रॅमचा तयार सांगाडा मिळतो, त्यातच ठरल्या वेळी आपोआप कामं करायची सोय असते. कोणतं काम, कोणत्या वारी, किती वाजता, एवढं एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवायचं. मग कुणी बटण दाबायची गरज नाही. ती फाइल त्यांनी उघडली आणि पडद्यावर बोट ठेवलं. तिथे एक ओळ होती: पक्क्या न झालेल्या नोंदी पुसून टाकणे, वार एक, वेळ दीड. त्या भाषेत वार रविवारपासून मोजतात, एक म्हणजे रविवार.

"अर्धवट राहिलेल्या नोंदी सुट्टीच्या दिवशी साफ व्हाव्यात म्हणून ही ओळ. रविवारी कारखाना बंदच असणार, असं धरून चाललो मी," ते म्हणाले. "इथे विचारलंच नाही."

दोन पंचांसमक्ष आम्ही खात्री केली. खोट्या दहा नोंदी भरल्या, त्या ओळीत बुधवार आणि पाच मिनिटांनंतरची वेळ घातली, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला. सगळे भिंतीला पाठ लावून उभे राहिलो. वेळ झाली आणि पडदा रिकामा झाला. मग त्यांनी वेळ पुन्हा दीड केली आणि वाराच्या जागी सहा लिहिला. शुक्रवार. प्रकरण तिथेच मिटलं.

फौजींचं मिटलं नव्हतं. ते मला भेटायला आले आणि एकच मागणं केलं. "साहेब, कारखान्याच्या फाटकावर या आन् समद्यांना येवढंच सांगा, ह्यानं केलं न्हाई. मानसं माझ्याजवळ जेवायला बसंनात."

मी म्हणालो, गुन्हाच दाखल नाही, तर सांगायचं काय? महिन्याभरात ते नोकरी सोडून गावी गेले.

पुण्याचे गृहस्थ चौकशी न करता वार धरून चालले. मी माणूस धरून चाललो. त्यांनी चूक दिसताच सगळ्यांसमोर कबूल केली. तपासातलं बाकी सगळं शिकवता येतं, एवढं मात्र शिकवता येत नाही.

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर मी मेढ्याला गेलो. फौजी घरासमोर भात वाळत घालत होते. त्यांनी मला ओळखलं, खुर्ची दिली, आत चहा सांगितला. मी बसलो नाही. त्यांची पत्नी दारात आली, शेजारचे दोघे कुंपणाशी थांबले. ते सगळे ऐकताहेत हे बघूनच मी बोललो.

"संशय घेणं माझं कामच होतं, त्याची माफी मागत नाही. पण त्या रविवारी तुम्ही माझ्यासमोर जेवत होता आणि तिकडे नोंदी गेल्या. तेव्हाच मला कळलं होतं, तुम्ही केलेलं नाही. लगेच सोडलं असतं तर ठाण्यात माझं हसं झालं असतं, म्हणून आणखी तीन दिवस बसवलं. फाटकावर यायलाही त्याच लाजेने नकार दिला. तुम्ही काहीही केलं नव्हतं. मी चुकलो, मला माफ करा."