दार कोणी वाजवलं

ही गोष्ट मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलेली नाही — आणि तिला मी काय सांगत नाही? नवऱ्याशी झालेली भांडणं सांगते, सासरच्या लग्नात कोण काय नेसून मिरवत होतं ते सांगते. हे मात्र कधी नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काही आमच्या ओसरीवर येऊन बसणार नाही, आईंच्या समोर चहा पिणार नाही. आई म्हणजे माझ्या सासूबाई. गोष्ट एका पिक्चरची आहे, हे आधीच सांगून ठेवते. हसू आलं तर हसा बाप्पा. सुरुवातीला मलाही हसूच यायचं.

माझं माहेर नागपूरचं, सासर लाखांदूरचं. नवऱ्याचं बी-बियाण्यांचं दुकान. लग्न होऊन आले तेव्हा वाटायचं, जगाच्या टोकावर आणून टाकलंय आपल्याला. चारी बाजूंना धान, आणि दुपारी घरात चिटपाखरू नाही. मी खोलीचं दार लोटून मोबाईलवर पिक्चर पाहत बसायची, कानात वायर घालून. एका दुपारी सहज मान वळवली तर मागे आई उभ्या. हातात सूप, सुपात तांदूळ, नजर मोबाईलवर. किती वेळ उभ्या होत्या, कोण जाणे. मी म्हटलं, झालं, आता बोलणी खायची. तर त्या म्हणाल्या की वायर काढ, त्यांनाही ऐकायचं आहे.

तो पहिला भाग. दक्षिणेतला, हिंदीत डब केलेला. नायक पाणबुड्या — समुद्रात बुडालेली जहाजं शोधणारा. मारामारी अशी की शाळेत शिकलेलं सगळं विज्ञान गुंडाळून माळ्यावर ठेवावं. आईंना तो भारीच आवडला. त्याचं खरं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. 'आपला डुब्या' म्हणायच्या, जसा काही तो आमच्या गल्लीतच राहतो.

मग आमची गट्टी जमली. मी माझे आवडते पिक्चर त्यांना दाखवायची, त्या त्यांचे सांगायच्या. त्यांचे सगळे अर्धे. माहेर अड्याळचं, लहानपणी तिथे तंबूतली टाकीज यायची, आणि मध्यंतर झालं की वडील पोरींना उठवून घरी न्यायचे. पोरींच्या जातीनं इतका वेळ बाहेर बसू नये म्हणून. त्यामुळे कितीतरी पिक्चरांचा शेवट त्यांनी मनानंच लावलेला. अर्धा पिक्चर म्हणजे कच्चा भात, असं त्या म्हणत. पोटात जातो पण बसत नाही.

दुसरा भाग आला तेव्हा मीच हौसेनं त्यांना नागपूरला नेलं. एवढा मोठा पडदा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. गेटवर मुरमुऱ्याची पिशवी काढून घेतली, तर त्या रखवालदारालाच म्हणाल्या की मग तू तरी खा. सोबत माझी बहीण आणि तिच्या ऑफिसातल्या दोन मैत्रिणी. आता एक लक्षात घ्या — आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच, नाटकं होतात, आणि नाटक पाहायचं म्हणजे तोंड मिटून पाहायचं नसतं. दुष्टाला शिव्या घालायच्या असतात, बिचाऱ्या नायिकेला सावध करायचं असतं. आईंनी जन्मभर असंच पाहिलेलं. त्यामुळे शत्रू मागून आला तेव्हा भर थेटरात त्या ओरडल्या, "अरे बापू, मांगं पाय, मांगं!"

सगळी रांग हसली. कोणीतरी मोबाईलचा उजेड आमच्याकडे फिरवला. मध्यंतरात आई बाथरूमकडे गेल्या तेव्हा बहिणीच्या एका मैत्रिणीनं हसत विचारलं, त्या काकू कोण गं? आणि मी म्हटलं — गावाकडच्या आहेत एक.

वाटलं ना, हीच कबुली? हीच असती तर किती बरं झालं असतं. हे तर मी केव्हाच पचवून टाकलं होतं.

त्या भागाचा शेवट मात्र जबरदस्त. नायक बुडालेल्या जहाजाच्या खोलीत अडकलेला, पाणी गळ्यापर्यंत, वरती कोणालाही पत्ता नाही. आणि बाहेरून लोखंडी दारावर थाप पडते. एक. दोन. तीन. पडदा काळा. पुढच्या भागात भेटू. आईंनी खुर्ची सोडलीच नाही. झाडूवाला आला तरी बसून. पुन्हा अर्ध्यातूनच उठवलं, असं म्हणाल्या आणि परतीच्या बसमध्ये साकोलीपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग एकदम वळून म्हणाल्या, "दार कोनं वाजवलं असंल व?"

झालं. पुढे आमच्या घरात रामराम म्हणावा तसा तो प्रश्न झाला. तांदूळ निवडताना, भाजी चिरताना, पाहुणे गेल्यावर — दार कोणी वाजवलं असंल? एखाद्या दिवशी त्यांच्या मते त्याची माय. दुसऱ्या दिवशी माय बाद, कारण मायेला पोहता येत नाही. मग पहिल्या भागात हरवलेली बहीण. मग खुद्द शत्रू, कारण त्यालाही शेवटी माणूसच लागणार ना बोलायला. प्रत्येक नावाला कारण असायचं, आणि कारण चांगलं असायचं. तिसऱ्या भागाची तारीख जाहीर झाली, पुढे ढकलली गेली, परत जाहीर झाली, परत ढकलली गेली. या बातम्या मीच त्यांना मोबाईलवरून वाचून दाखवायची. त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं की एकमेकीला सोडून पाहायचा नाही. हात पुढे केला, मी त्यावर हात ठेवला. इतकं सोपं होतं ते.

आता सांगते.

पिक्चर एकदाचा आला. बहिणीचा फोन आला — तिकिटं काढते, त्याच दोघी आहेत, तू आणि तुझ्या सासूबाई येताय ना? ऐका हं, बहिणीनं आईंचं नाव घेऊन विचारलं. कोणी म्हटलं नव्हतं की त्यांना आणू नको. मी म्हटलं, त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना नाही जमणार. गुडघे ठणठणीत होते. रोज सकाळी त्या तलावापर्यंत पायी जाऊन येत होत्या.

काहून म्हटलं असं? त्या मैत्रिणींसमोर परत 'मांगं पाय' नको होतं, म्हणून. दुसरं काही कारण असेल म्हणून मी पुष्कळ शोधलं. नाही सापडलं.

आईंना सांगितलं, मावसबहिणीच्या साखरपुड्याची खरेदी आहे. त्यांनी माझ्या आईसाठी लाखोळीची डाळ बांधून दिली. बसपर्यंत पोचवायला आल्या. वर म्हणाल्या की नागपुरात पोस्टर लागले असतील, तारीख पाहून ये.

मी पाहिला पिक्चर. चांगला होता. थेटरात सगळे गप्प, आपापल्या पॉपकॉर्नमध्ये. तो लोखंडी दरवाजा परत पडद्यावर आला, थाप पडली, आणि मी शेजारी वळले — काही बोलायला. शेजारी कोणाचा तरी दंड होता. मग दार उघडलं आणि मी नवलानं, हळूच 'माय वं' म्हटलं. हा शब्द माझा नाही. त्यांचा आहे.

घरी आले तेव्हा त्या ओसरीवरच होत्या. पाणी दिलं आणि विचारलं, लागलं का पोस्टर? मी चपलेचा पट्टा काढत होते. खाली मान घालून बोलणं सोपं पडतं. म्हटलं, तारीख पुढे गेली.

थोडा राग आला असता त्यांना, तर मला सोसलं असतं. पण त्या बनवणाऱ्यांचीच बाजू घ्यायला लागल्या. एवढा समुद्र उभा करायचा म्हणजे वेळ लागणारच, घाई केली तर पुन्हा कच्चा भात. लागू दे वेळ, असं म्हणून त्या आत डाळ शिजली का पाहायला गेल्या.

तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या दिवशी न्यायचं. काय बिघडलं असतं? दुसऱ्यांदा पाहिला असता, त्यांच्या शेजारी बसून पहिल्यांदाच पाहतेय असं सोंग केलं असतं. हेच तर म्हणते मी. पिक्चर काही एका दिवसात उतरला नाही. रोज सकाळी नागपूरची बस आमच्या स्टँडवरून सुटत होती आणि रोज मी गेले नाही. आधी वाटलं, सोंग उघडं पडेल. मग वाटलं, पुढच्या आठवड्यात. मग पाहुण्यारावळ्यांचं निमित्त. टीव्हीवर जाहिरात लागली, त्यांनी विचारलं, मी म्हटलं जाहिरात येते आधी, पिक्चर मागून येतो. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा हलकं निघालं. तिसऱ्याचं तर काही वाटलंच नाही. आणि एक दिवस तो पिक्चर उतरला.

त्यानंतरच्या थंडीत त्यांचे गुडघे खरोखरच गेले. मी बोलले म्हणून गेले, असं मी म्हणत नाही, तेवढी भोळी मी नाही. पण आधी मी बोलले आणि मग ते झालं, हा क्रम काही बदलत नाही. आता त्यांना बसची पायरी चढवत नाही. खुर्ची ओसरीवर ठेवली आहे, तिथे बसतात. मधल्या काळात तो पिक्चर मोबाईलवरही आला. मी एकदा चाचपून पाहिलं — समजा, मोबाईलवर आला तर पाहायचा का? त्या म्हणाल्या, आपला डुब्या बोटाएवढा नाही पाहायचा. मोठ्या पडद्यावरच. येईल तेव्हा येईल.

आणि दार कोणी वाजवलं, हे चालूच. मला माहीत असताना चालू. त्या एकेक नाव घ्यायच्या आणि मी म्हणायची, हो, असंही असेल. तुम्ही कधी असं केलं आहे का — उत्तर तोंडात धरून कोणाचा अंदाज ऐकत बसणं? सवय होते. त्याचीही सवय होते.

परवा शेजारची सोनल सुट्टीत घरी आली. भंडाऱ्याला कॉलेजात शिकते. ओसरीवर आईंजवळ बसून मोबाईलवर त्यांना चौथ्या भागाची झलक दाखवत होती. मी आत कणीक मळत होते. आई तिला समजावू लागल्या की चौथा कसा येईल, तिसरा तर अजून यायचाच आहे. सोनल हसली. तिसरा येऊन जुना झाला म्हणे आजी, आम्ही सगळ्या मैत्रिणी पाहून आलो, ते दार ना आजी, ते दार —

"थांब," आई म्हणाल्या.

मी परातीत हात घालून तशीच उभी. नंतर आईंचा आवाज आला, अगदी साधा, जसा पोरींशी बोलताना असतो. "हो व, आमच्या सूनबाईनं सांगलं होतं मले. मीच इसरली. वय झालं आता."

माझ्यासाठी त्या खोटं बोलल्या. आणि माझ्यापेक्षा सफाईदार — चपलेच्या पट्ट्याकडे पाहावं लागलं नाही त्यांना.

सोनल गेली. मी चहा करून बाहेर नेला. दुसरं काय करणार होते? त्यांनी कप घेतला, बशीत ओतला, फुंकर मारली. मी तिथेच उभी होते. आता विचारतील, कधी पाहिला, कोणासोबत, काहून. मी सगळं सांगायच्या तयारीनं उभी होते, आणि सांगायला मात्र तोंड उघडलं नाही, हेही लिहून ठेवते. त्यांनी काही विचारलं नाही. चहा पिऊन झाल्यावर बशी माझ्या हातात दिली.

"चवथा आला का जाजो तू," त्या म्हणाल्या. "माह्यानं आता होत नाही. पन घरी आली का सांगजो, पाहून आली म्हणून. आन् दार कोनं वाजवलं, थे मले सांगू नोको."

मी बरं म्हटलं. कपबशी आत नेऊन धुतली, पोळ्या केल्या. नवरा जेवायला बसला तेव्हा आई त्याला पावसाचं काहीबाही विचारत होत्या. त्या दिवसापासून दाराचं नाव त्यांनी काढलेलं नाही. दार कोणी वाजवलं, हे आमच्या घरात फक्त मला माहीत आहे.